हात वर केला की मशीन थांबेल

बुलढाणा जिल्ह्यात चौदा-पंधरा वर्षांच्या पोराची दाढ दुखायला लागली, की ते पोर सरळ दंतवैद्याकडे जात नाही. आधी लवंग येते. मग मेडिकलवर नुसतं 'दाढदुखीवर द्या' म्हणून मागून आणलेली गोळी. घरात आजी असली तर रिंगणीच्या बियांची धुरी निघते: विस्तवावर बिया टाकायच्या, धूर नळीने तोंडात घ्यायचा, म्हणजे दाढेतली कीड गळून पडते. दाढेत अळी कधी नसतेच. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. पण धुरीने घटकाभर लाळ सुटते, तोंड बधिरल्यासारखं होतं, आणि परीक्षा असो वा सोयाबीनची सोंगणी, आठवडा निघून जातो. मग एका रात्री गाल सुजतो, ठणका कानात जातो, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने बाप पोराला घेऊन तालुक्याला येतो. वाटेत कोणीतरी आवर्जून सांगतं, वरची दाढ काढू नका, डोळ्याची नजर जाते.

नजर जात नाही. वरच्या दाढेच्या मुळांचा डोळ्याच्या नसेशी काही संबंध नाही. तरी हे वाक्य घाटावर चिखली-मेहकरात ऐकू येतं आणि घाटाखाली नांदुरा-मलकापुरातही. जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग बोलीपासून पिकापर्यंत वेगळे असले, तरी दाताच्या भीतीवर दोन्हींचं एकमत आहे.

ही भीती मोबाइलवरच्या अ‍ॅपने कमी करता येईल का, हा आजचा प्रश्न आहे. पण त्या सकाळी खुर्चीत जे घडतं ते नीट समजून घेतल्याशिवाय मोबाइलचा विषय काढण्यात अर्थ नाही. दाढेच्या आतला मगज तीव्र सुजलेला असला, की नेहमीचं बधिरीकरण पुरतं लागू पडत नाही. खालच्या दाढांना तर हा अनुभव हमखास येतो. लिग्नोकेनची सुई दिली जाते, ओठ जड होतो, गाल जड होतो, आणि मशीन आत शिरताच कळ मात्र थेट मेंदूत जाते. डॉक्टर पुन्हा थोडं औषध देतात, समजावतात, शेवटी काम होतं. पोराच्या लेखी मात्र एक गोष्ट कायमची सिद्ध झालेली असते: दुखणार नाही असं म्हणतात आणि दुखतं. पुढच्या वेळी ते आणखी उशिरा येणार, दाढ आणखी बिघडलेली असणार, सुई आणखी कमी लागू पडणार. स्वीडनच्या उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ मध्ये दातांच्या भीतीचं हे दुष्टचक्र मांडलं होतं. भीतीमुळे टाळाटाळ, टाळल्यामुळे बिघाड, बिघाडामुळे लाज आणि लाजेमुळे पुन्हा भीती. त्यांनी ते गोटेबोर्गच्या रुग्णांवरून मांडलं. आपल्याकडच्या रुग्णांना ते माप थोडंही न बदलता बसतं.

ही मुलं किती असतील? भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बाराव्या वर्षी ५३.८ टक्के आणि पंधराव्या वर्षी ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे सातवी ते दहावी या तीन वर्षांतच आणखी बरीच मुलं त्या रांगेत येतात. कारण साधं आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ गुपचूप उगवते. तिच्या आधी तिथलं काही पडलेलं नसतं, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि पडेल आपोआप म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. ती कायमची असते, आयुष्यभर पुरवायची असते, आणि तेरा-चौदाव्या वर्षी रूट कॅनलच्या खुर्चीत येते ती बहुतेक तीच.

आता भीतीकडे. पाच वर्षांचं मूल घाबरलं तर रडतं, तोंड घट्ट मिटतं, आईच्या पदरात शिरतं. डॉक्टरांना कळतं, कंपाउंडरला कळतं, बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळतं. चौदा वर्षांचा मुलगा रडत नाही. 'मले भेव नाई लागत' म्हणतो आणि खुर्चीचे हात असे पकडतो की बोटांची पेरं पांढरी पडतात. मुलगी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मान हलवते, आणि पुढच्या तारखेला येतच नाही. घरी सांगते, डॉक्टरांनी नंतर बोलावलंय. या वयात भीतीपेक्षा भीती दिसण्याची भीती मोठी. वर्गातला कोणी बाहेरच्या बाकावर बसलेला असेल तर विचारूच नका.

शिवाय विदर्भातल्या या वयाच्या भीतीचं एक वेगळं कारण आहे आणि ते परदेशी पुस्तकांत सापडत नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. खर्रा-गुटख्याची पुडी म्हणून काही शाळेच्या परिसरातून हद्दपार झालेली नाही. तोंड उघडलं की दातांवरचे डाग आणि गालाच्या आतली पांढुरकी, राठ कातडी सगळं सांगून टाकते. आणि बाप शेजारी उभा असतो. अशा पोराला सुईची भीती आहे असं आपण समजतो. त्याला खरी धास्ती असते ती डॉक्टरांच्या पुढच्या वाक्याची. हे ओळखणारे दंतवैद्य बापाला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगतात. ती दोन मिनिटं कुठल्याही औषधापेक्षा कामाची असतात.

भीती मोजण्याची साधनं अवघड नाहीत. नॉर्मन कोरा या अमेरिकी संशोधकाने १९६९ मध्ये चार प्रश्नांची मोजपट्टी केली. गेरी हम्फ्रिस यांनी १९९५ मध्ये तिच्यात सुईबद्दलचा पाचवा प्रश्न घातला. उद्या दवाखान्यात जायचंय तर कसं वाटतं, बाहेर थांबलेलं असताना कसं वाटतं, मशीन फिरणार असेल तर, दात साफ करणार असतील तर, हिरडीत सुई देणार असतील तर. प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज पाच ते पंचवीस. एकोणीस किंवा जास्त आली तर भीती गंभीर समजायची. नंबर लावताना दोन मिनिटांत हे भरून घेता येतं. आपल्याकडे त्याच वेळात नाव, गाव, वय आणि 'आधी कुठे दाखवलं होतं' एवढंच विचारलं जातं. ज्याला एकोणीस गुण आहेत आणि ज्याला सात आहेत, दोघांनाही एकाच वाक्यात 'बस, तोंड उघड' सांगितलं जातं.

मोबाइलवर हे प्रश्न टाकणं हा अ‍ॅपचा सर्वांत साधा उपयोग, आणि मला विचाराल तर अर्धा उपयोग तिथेच संपतो. 'घाबरतोस का?' असं तोंडावर विचारलं तर पोरगा नाही म्हणेल. पडद्यावर बोटाने चार दाबायला त्याला लाज वाटत नाही.

मोबाइलने दातांची भीती कमी करण्याचे प्रयोग आपल्या आसपासच झालेत, फक्त ते लहान मुलांवर झालेत. धुळ्याच्या एसीपीएम दंत महाविद्यालयातल्या बालदंतवैद्यांनी २०१७ मध्ये पाच ते सात वर्षांच्या ९८ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'सांगा, दाखवा, करा' ही बालदंतवैद्यकातली जुनी रीत, १९५९ पासूनची. धुळेकरांनी मधलं 'दाखवा' काढून तिथे 'खेळू द्या' घातलं: खेळण्यातली उपकरणं मुलांच्या हातात दिली आणि त्यांनाच डॉक्टर होऊ दिलं. दुसऱ्या गटाने प्रत्यक्ष कोणावर तरी उपचार होताना पाहिले. खेळलेल्या मुलांची भीती अधिक उतरली. त्यात मोबाइल नव्हता, पण मोबाइलमागची कल्पना हीच. त्याच वर्षी बेळगावच्या केएलई संस्थेच्या दंत महाविद्यालयातून दातांच्या अ‍ॅपचा मुलांच्या वागण्यावर काय परिणाम होतो याचा एक छोटा, चाचपणीचा अभ्यास आला. २०१९ मध्ये आंध्रातल्या नेल्लोरहून ७ ते ११ वयाच्या ५० मुलांवरचा अभ्यास आला. त्यात एका गटाला 'लिटल लव्हली डेंटिस्ट' हा मोबाइलमधला खेळ खेळायला दिला होता. पडद्यावरच्या रुग्णाचे दात मुलं स्वतः साफ करतात, किडलेले भरतात. नेहमीच्या रीतीपेक्षा या गटाची चिंता जास्त कमी झाली.

हे सगळं उत्साहाने वाचलं तरी एक कुसळ डोळ्यात राहतंच. बेलफास्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मोबाइल अ‍ॅप आणि आभासी वास्तवाचे चष्मे यांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा त्यांचं म्हणणं सावध होतं: फायदा दिसतोय, पण अभ्यास मोजके, लहान आणि कच्चे आहेत. आणि जवळजवळ सगळे बालवाडी ते पाचवीच्या मुलांवरचे. नववीतल्या मुलीच्या हातात गुलाबी हिप्पोचे दात घासायचा खेळ द्या, ती तुमच्याकडे कीव आल्यासारखी बघेल. फुकटच्या दातांच्या खेळांत तर दर अर्ध्या मिनिटाला जाहिरात, मधूनच एखादी राक्षसी पक्कड, आणि रक्ताच्या जागी हिरवा चिखल. घाबरलेल्या मुलाला ते देणं म्हणजे चिंचेने दात आंबलेल्याला कैरी खायला घालणं.

किशोरवयीनांसाठी खरं काम झालं ते शेफिल्ड आणि स्टॉकहोमला. शेफिल्डमध्ये ९ ते १६ वयाच्या मुलांसाठी एक स्वयं-मदत पुस्तिका तयार झाली. तिचं नावच सांगतं की दात तुझे आहेत आणि सूत्रंही तुझ्याच हाती. तीत मुलाने डॉक्टरांना उद्देशून आधीच लिहायचं असतं: मला काय नको वाटतं, काय केलं तर बरं वाटतं, थांबवायचं असेल तर मी कोणती खूण करीन. स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८ ते १५ वयाच्या अठरा मुलांना बारा आठवडे इंटरनेटवरून मानसोपचाराचे धडे दिले. छोट्या चित्रफिती, पालकांसाठी वेगळा भाग, आणि घरी सरावासाठी दवाखान्यातली काही साधी साधनं. मुलाने आधी आरसा हातात घ्यायचा, मग तोंडात घालायचा. अठरा म्हणजे काही फार नव्हेत, आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. पण वर्षभरानंतरही सुधारणा टिकलेली दिसली, आणि ती मुलं खरोखर खुर्चीत जाऊन बसत होती.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवायचं, हा त्यांचा मुख्य मार्ग नाही. लहान मुलाला कार्टून लावून देता येतं. किशोराला गाणी ऐकवत त्याच्या तोंडात काही केलं, तर तो कानातलं काढून विचारतो, काय करताय? त्याला माहिती हवी असते आणि ताबा हवा असतो. हा ताबा देण्याचं साधन म्हणून फोन चालेल. खेळणं म्हणून चालणार नाही.

आता आपल्या जिल्ह्यातला फोन बघू. प्रथम संस्थेच्या २०२३ च्या असर अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटाची पाहणी होती. जवळजवळ नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे आणि फक्त १९.८ टक्के मुलींकडे. म्हणजे घाबरलेल्या मुलीने रात्री पांघरुणात शिरून श्वासाचा व्यायाम करावा अशी कल्पना करणाऱ्याने आधी तो फोन रात्री कोणाच्या उशाशी असतो हे पाहावं. तो भावाच्या नाहीतर बापाच्या. अ‍ॅप करायचं असेल तर ते पाच मिनिटांत वापरून परत देता येईल असं हवं, नेट नसताना चालणारं हवं, आणि त्यातलं लिहिलेलं पुढच्या माणसाला दिसणार नाही असं हवं. संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भिलाला-कोरकू मुलं आश्रमशाळेत राहतात. त्यांच्या हाती फोन नसतो. तिथे अ‍ॅप अधीक्षकांच्या किंवा आरोग्यसेविकेच्या फोनवर चालावं लागेल, नाहीतर चालणारच नाही.

फोन भीती वाढवतोही. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आयसीएमआरची पथकं आली, पाणी-रक्ताचे नमुने गेले. पुढे गव्हातल्या सेलेनियमचा मुद्दा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मांडला. पण निदान व्हायच्या आधीच टकलांचे व्हिडिओ मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचले होते आणि त्या गावांकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले होते. दाताचंही तसंच. दाढ काढणं म्हणून यूट्यूबवर शोधा. पहिल्या दहा चित्रफितींत शाळकरी मुलाला धीर येईल अशी एखादी निघाली तर नशीब. बाकी शस्त्रक्रिया, उलटी मान, रक्त, मोठी केलेली सुई. दंतवैद्यांच्या शिक्षणासाठी केलेली चित्रफीत आणि लाइक मिळवण्यासाठी केलेली रील, दोन्ही एकाच रांगेत येतात. पोरं आदल्या रात्री नेमकं तेच बघून येतात.

मग बुलढाण्यातल्या नववीच्या मुलीसाठी चांगलं अ‍ॅप कसं असेल? असर बघून, शेफिल्ड-स्वीडन बघून, आणि बाहेरच्या बाकावर काय चालतं ते बघून मी एक कल्पना करतो. तारीख आठवड्याने आहे. पहिल्या दिवशी फक्त पाच प्रश्न आणि एक वाक्य: एवढी भीती अनेकांना असते, डॉक्टरांना ती कळवू का? दुसऱ्या दिवशी खुर्ची, दिवा, तोंडातलं पाणी ओढणारी नळी, प्रत्येकाचा फोटो आणि तिचं काम. तिसऱ्या दिवशी मशीनचा आवाज. या मशीनचं, म्हणजे एअरोटरचं, टोक मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. त्या शिट्टीनेच अर्धा जीव जातो. आवाज आधी हळू, दहा सेकंद. नको वाटला तर बंद करायची कळ तिच्या बोटाखाली. चौथ्या दिवशी थोडा मोठा. यामागचं शास्त्र जुनं आहे: धोक्याविना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, की शरीर तिला हळूहळू इशारा मानायचं सोडतं. पाचव्या दिवशी सुईबद्दल खरं. आधी हिरडीवर जेल लावतील, मग चिमटा घेतल्यासारखं होईल, दहा-पंधरा सेकंद दाब जाणवेल, मग ओठ जड होईल आणि दोन-तीन तास जडच राहील. तोवर गरम चहा पिऊ नकोस, ओठ चावू नकोस. 'काहीच होणार नाही' असं अ‍ॅपने म्हणायचं नाही. ते एक वाक्य खोटं ठरलं की उरलेली सगळी वाक्यं खोटी ठरतात.

सहाव्या दिवशी श्वास. नाकाने चार मोजत आत, तोंडाने सहा मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांब ठेवला की हृदयाचे ठोके उतरतात. फोन थरथरून मोजून देऊ शकतो, म्हणजे पडद्याकडे बघायची गरज नाही. आणि सातव्या दिवशी, सर्वांत शेवटी, खूण. डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील.

इथेच गाडी रुळावरून घसरते. ती खूण अ‍ॅप शिकवेल. पाळायची डॉक्टरांनी आहे. बाहेर चौदा नंबर, वीज जाऊन येतेय, मेहकरच्या पुढच्या खेड्यातल्या माणसाला चारची एसटी गाठायची आहे. अशा वेळी पोराने हात वर केला तर 'झालंच, झालंच' म्हणत मशीन आणखी वीस सेकंद फिरतं. त्या वीस सेकंदांत सात दिवसांचं काम वाया जातं. घाबरणाऱ्या मुलांना सांभाळणारे अनुभवी दंतवैद्य म्हणूनच उलटं करतात: काही न दुखतानाच मुलाकडून एकदा हात वर करवून घेतात आणि थांबून दाखवतात. मुलं मग पुन्हा पुन्हा हात वर करून बघतात, दोन-तीनदा, डॉक्टर खरंच थांबतात का ते तपासतात. त्यानंतर बहुतेक जण करत नाहीत. थांबवता येतंय हे कळलं की थांबवायची गरज कमी होते. अ‍ॅपने डॉक्टरांचा वेळ वाचेल असं विकणाऱ्यांनी सांगू नये. पहिल्या भेटीला पाच मिनिटं जास्तच लागतात. पुढच्या चार भेटींत ती वसूल होतात.

आणि एक अडचण कायद्याची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येण्यासारखी संमती हवी. तिच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि तिला लक्ष्य करून जाहिराती दाखवायला बंदी. बंदी योग्यच आहे. भीतीचे गुण, दुखण्याच्या रात्री, खर्ऱ्याची कबुली हे सगळं टूथपेस्ट विकणाऱ्याच्या हाती जाण्यात काही शहाणपण नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या ज्या गोष्टीसाठी बापाला बाहेर बसवायला हवं, तीच गोष्ट फोनमध्ये लिहायला बापाचीच परवानगी लागणार. यातून वाट एकच दिसते. जे सांगायचं ते फोनमध्ये साठवूच नये. अ‍ॅपने फक्त सुचवावं की डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं असेल तर आत गेल्यावर हे वाक्य म्हण.

सरकारकडे धागे नाहीत असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये देशात सुरू झाला तो आपल्याच राज्यातल्या पालघरहून. त्याची पथकं शाळांत जातात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि तपासणीच्या यादीत दातांची कीड आहे. किशोरांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि रुग्णालयांत मैत्री क्लिनिक. २०१९ मध्ये केंद्राने 'ई-दंतसेवा' हे संकेतस्थळ आणि अ‍ॅप काढलं. २०२३ च्या मे महिन्यात स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकर राज्याचा 'स्माइल अ‍ॅम्बॅसिडर' झाला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. यादी बरी आहे. हे धागे एकमेकांना कुठेच बांधलेले नाहीत. पथक शाळेत टॉर्चने तोंड बघतं, 'दाढ किडलेली, संदर्भित' अशी चिठ्ठी देतं आणि निघून जातं. ती चिठ्ठी घेऊन मूल घरी येतं. चिठ्ठी आणि खुर्ची यांच्यामध्ये भीती उभी असते, आणि त्या मधल्या जागेसाठी ना कार्यक्रम आहे ना निधी. त्या चिठ्ठीच्या मागे एक चौकोनी कोड छापला, तो फोनला दाखवला की घाटाखालच्या बोलीत कोणीतरी तीन मिनिटं खरं-खरं सांगतंय, आणि खाली रुग्णालयाचा दातांचा वार व वेळ, एवढं झालं तरी वर्षाला किती मुलं खुर्चीपर्यंत पोहोचतील. यात खर्च छपाईचा, आणि एका दंतवैद्याच्या एका दुपारचा.

अ‍ॅपने भागणार नाही अशीही मुलं असतात, हे सांगायलाच हवं. आरशाचा विचार करूनच ओकारी येणारी, आधी कोणी जबरदस्तीने धरून उपचार केलेली, किंवा ज्यांच्या भीतीच्या मुळाशी दातांपेक्षा वेगळं काही घडलेलं आहे. त्यांना मानसोपचारतज्ज्ञ लागतो. १४४१६ हा टेलिमानस क्रमांक त्याची पहिली पायरी होऊ शकतो. काहींना झोपवूनच काम करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. आणि गाल सुजून ताप आला, तोंड उघडेनासं झालं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर फोन बाजूला ठेवून त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. लवंग, धुरी, अ‍ॅप, कशाचीही वाट बघायची नाही.

ग्रॅहम डेव्ही या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये एक साधी गोष्ट शोधली. ज्यांना दंतवैद्याकडे फार दुखल्याचा अनुभव आला, त्यांतल्या सगळ्यांनाच भीती बसलेली नव्हती. ज्यांच्या त्या वाईट दिवसाच्या आधी बऱ्याच न दुखलेल्या भेटी जमा होत्या, ते सहीसलामत राहिले होते. ज्यांची पहिली-दुसरी भेटच दुखण्याची, ते अडकले. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांची पहिली भेट कोणती असते, ते वर आलंच आहे.

दिवाळीत शाळांना सुट्टी असते. चकलीचा कडक तुकडा दाढेवर आल्यावर पोराने एका बाजूने चावायला सुरुवात केली असेल तर ते लक्षात घ्या. नसेल केली तर उत्तमच; दुखत नसतानाच त्याला एकदा दंतवैद्याकडे न्या. आधी फोन करून डॉक्टरांना सांगा की आज फक्त बघायचं आहे. खुर्चीत बसू द्या, दिवा बघू द्या, मशीन हवेत फिरवून ऐकू द्या, सहाव्या वर्षाची दाढ कशी आहे ते विचारा. त्या दिवशी दुसरं काहीही करून घेऊ नका, डॉक्टर 'आलाच आहात तर' म्हणाले तरी. आणि त्यांना पोरासमोरच विचारा, हात वर केला तर थांबाल ना? हो म्हणाले, आणि थांबून दाखवलं, तर पुढची तारीख त्यांच्याकडेच घ्या.